क्रूझला जायचंय, पण ॲव्होमिन कुणाकुणाला द्यायची?

आमच्याकडं गाडी लागणं खानदानी आहे. आईला तुळजापूरचा घाट लागायचा, मला गगनबावडा लागतो आणि माझ्या पोराला तर साधं सात रस्त्याहून स्टेशनला जाताना रिक्षात मोबाईल बघितला तरी मळमळतं. त्यामुळं घरात मीठ-तिखट असतं तशी ॲव्होमिन असते. लग्नाला निघायचं, कोकणात निघायचं, की मेडिकलवाल्याला सांगायचं, एक पत्ता दे, आणि गाडीत बसायच्या आधी सगळ्यांना एकेक वाटायची, ज्याला लागतं त्याला आणि ज्याला लागत नाही त्यालापण, असू दे म्हणून.

आता घरात क्रूझचं वारं शिरलंय. मुंबईतून बसायचं, गोवा, जमलं तर लक्षद्वीप. आपण सोलापूरची माणसं, आपल्याला पाणी म्हणजे सिद्धेश्वरचा तलाव नाहीतर फार तर उजनी, आणि नळाला तर ते पण रोज येत नाही. समुद्रात रात्र काढायची म्हणल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न, बोट लागली तर? आणि सगळ्यांचं उत्तर तेच, ॲव्होमिन घेऊ की. म्हणलं थांबा जरा. जाणारी मंडळी कोण बघा: सासूबाईंना काचबिंदू, मामंजींना प्रोस्टेट आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, नणंदेचं कडेवरचं लेकरू, माझा दुसरीतला पोरगा, आणि आमचे हे, ज्यांना क्रूझ म्हणल्यावर आधी बार कुठल्या मजल्यावर आहे ते बघायचंय. ह्या सगळ्यांना एकाच पत्त्यातली गोळी कशी काय चालंल?

म्हणून मग वाचत बसले, आणि आमच्या फॅमिली डॉक्टरांचं डोकं पण खाल्लं.

आधी हे लागतं कशानं ते. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो मेंदूला सांगतो आपण हलतोय. आणि खोलीत बसलेले डोळे सांगतात, छे, भिंत तर जागच्या जागी आहे. दोघांचं पटत नाही आणि भोगतं पोट. ही मेंदूतली भांडणं हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनांवर चालतात, म्हणून ज्या गोळ्या त्या दोघांना अडवतात त्याच इथं चालतात. ऑनडॅन्सेट्रॉन, म्हणजे आपण पोरांना उलटीसाठी देतो ती एमसेट वगैरे, ती वेगळ्याच रसायनाला अडवते, सेरोटोनिनला. पोट बिघडलं, केमो चालू आहे, तिथं ती भारी, पण बोट लागू नये म्हणून ती घेऊन उपयोग नाही. आमच्या जाऊबाई दरवेळी तीच देतात आणि वर म्हणतात, आमच्या पिंट्याला गोळीचा गुणच येत नाही. कसा येणार.

आता ॲव्होमिन. तिच्यात प्रोमेथाझिन असतं, 25 मिलिग्रॅम. ही मुळात ॲलर्जीच्या घराण्यातली गोळी, आणि ह्या घराण्याचा बोटीशी संबंध कसा जुळला ते वाचून मला मजा वाटली. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये 1947 च्या सुमाराला एका गरोदर बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून एक नवीन औषध दिलं होतं, डायमेनहायड्रिनेट. तिला ट्राममध्ये बसलं की लागायचं, ते लागायचं बंद झालं. डॉक्टरांनी मग 1948 साली न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या जनरल बॅलू नावाच्या जहाजावर हजारावर सैनिकांमध्ये ते औषध तपासलं, आणि तिथून ह्या गोळ्या प्रवासाच्या गोळ्या झाल्या. म्हणजे पित्तावरची गोळी अशी फिरत फिरत आपल्या एसटीत आली.

पण झोपेचं काय. मी डॉक्टरांना विचारलं, झोप न आणणारी द्या ना, सेट्रिझिनसारखी. ते हसले. म्हणले, झोप कमी येते कारण ती मेंदूत फारशी शिरतच नाही, आणि मेंदूत शिरली नाही तर बोट लागायची थांबणार कशी? म्हणजे गुण आणि गुंगी एकाच दारातून आत येतात. मेडिकलमध्ये कुणी 'गुंगी न येणारी बोटीची गोळी' म्हणून काही पुढं केलं तर जरा उलटून विचारा, एवढंच सांगते.

आणि गुंगी ही एसटीत ठीक आहे, खिडकीला डोकं टेकून पुण्यापर्यंत झोपलं की झालं. क्रूझवर काय होतं बघा. एक तर प्रवास एका दिवसाचा नाही, म्हणजे गोळी रोज. दुसरं, गोळी खाऊन तुम्ही सीटवर बसून राहणार नाही, जिने चढणार, डेकवर फिरणार, रात्री दोनदा बाथरूमला उठणार, आणि खालची जमीन हलतेय. आमच्या सासूबाई बीपीची गोळी घेतात, त्यानं आधीच उठल्या उठल्या अंधारी येते. त्यावर ॲव्होमिन, त्यावर हलणारं जहाज. उलटी झाली तर चूळ भरून लिंबू सरबत देता येतं, खुब्याचं हाड मोडलं तर समुद्राच्या मधोमध काय करणार? मला हाच हिशोब सगळ्यात मोठा वाटला आणि घरात कुणाच्या डोक्यातच नव्हता.

त्यांचा काचबिंदू पण अरुंद कोनाचा. ह्या गोळ्यांनी डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तसल्या डोळ्यात प्रेशर एकदम चढू शकतं. मामंजींचं वेगळं, प्रोस्टेट वाढलेलं असलं की ह्या गोळ्यांनी लघवी अडकते, आणि ती अडकली की नळी घालेपर्यंत माणूस तळमळतो, आमच्या शेजारच्या काकांचं सर्दीच्या गोळीनं असंच झालं होतं, साध्या सर्दीच्या. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं शक्यतो टाळावीत त्याची बीअर्स नावाची यादी आहे, त्यात ही जुन्या पिढीची ॲलर्जीवाली औषधं सगळी आहेत. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, आणि कधी कधी चक्क भ्रम. तर ज्येष्ठ मंडळींना सरसकट ॲव्होमिन बाद. डोळ्याच्या आणि लघवीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

ह्यावर आमच्या आतेभावानं अमेरिकेतून फोनवर उपाय सांगितला. कानामागं लावायचा पॅच. स्कोपोलामिनचा. एकदा लावला की 72 तास चालतो, बोटीत बसायच्या चार तास आधी लावायचा, गोळ्यांची कटकट नाही. घरात सगळे खूश. मी वाचलं तर हे स्कोपोलामिन म्हणजे आपल्या धोतऱ्यात असतं तेच. महादेवाला वाहतो तो धोतरा. (कुणी आता धोतऱ्याचं बी चावून बघू नका, त्यात किती विष आहे ते त्या झाडालापण माहीत नसतं, माणसं दगावलीत त्यानं.) पॅचमध्ये ते मोजून मापून 1 मिलिग्रॅम तीन दिवसात सोडतात, म्हणून औषध. पण काचबिंदूला हे ॲव्होमिनपेक्षा वाईट, लघवीला वाईट, म्हाताऱ्या माणसाला भ्रम व्हायची शक्यता जास्त, आणि लहान मुलांना तर लावायचाच नाही. लावून हात न धुता डोळा चोळला की एकच बाहुली बटाट्याएवढी होते आणि बघणारा घाबरतो की डोक्यात काही झालं का. काढल्यावर पण एक-दोन दिवसांनी चक्कर-मळमळ होऊ शकते, म्हणजे ज्यासाठी लावला तेच.

आणि एक गोष्ट तर खास आपल्यासाठी. ह्या औषधानं घाम कमी येतो. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, ह्या पॅचवर नवीन इशारा घातला, की अंगाचं तापमान वाढून उष्माघातासारखं होऊ शकतं, दवाखान्यात भरती आणि मृत्यूसुद्धा झालेत, आणि जास्त करून पोरांमध्ये आणि साठीपुढच्या माणसांमध्ये. आमचं आधी मे महिन्याचं ठरत होतं. मे महिन्यात सोलापुरात पारा 43-44 ला, आणि दीर म्हणत होते पॅच घरूनच लावून निघू, स्टेशनवर गडबड नको. घाम हाच आपला कूलर असतो हो मेमध्ये, तोच बंद करून प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं? पॅचचा विषय तिथंच मिटवला.

आता पोरं. नणंदेचं बाळ अजून दोन वर्षांचं नाही. दोन वर्षांखाली प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, श्वास मंदावतो, मुलं गेलेली आहेत त्यानं, अर्धी-पाव गोळी असला प्रकार पण नाही. गंमत म्हणजे एवढ्या लहान लेकरांना गाडी-बोट फारशी लागतच नाही, हा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि बारापर्यंत जोरात असतो. म्हणजे जिथं धोका सगळ्यात जास्त तिथं गरज सगळ्यात कमी, तरी प्रवासात 'बाळ शांत झोपावं' म्हणून पाव गोळी देणाऱ्या आज्ज्या मी बघितल्यात. माझ्या पोराला मात्र लागतंच, त्याला वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांनी लिहून दिलाय. पण त्यांनी आधी घरी एका रविवारी देऊन बघायला सांगितलं, कारण काही पोरं ह्या गोळीनं झोपायच्या ऐवजी जास्तच चेकाळतात. आमचं झोपलं. दुपारभर. क्रिकेटची मॅच बुडाली म्हणून अजून ऐकवतो.

स्टेमेटिलचं पण नाव निघालं, प्रोक्लोरपेराझिन. चक्करेला देतात म्हणून बोटीलापण चालंल असा तर्क. उलटीच्या ह्या जातीच्या गोळ्यांनी, पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रामाइड पण त्यातलीच, तरण्या पोरापोरींमध्ये कधी कधी मान वाकडी होते. आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरीचं झालं होतं. उलट्या होत होत्या म्हणून गोळी घेतली, रात्री मान एका बाजूला पिळली, डोळे वर गेले, जबडा आवळला, शुद्ध मात्र पूर्ण. आजी म्हणायला लागली अंगात आलं, लिंबू आणा. कुणीतरी शहाण्यानं दवाखान्यात नेलं, एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात पोरगी सरळ. इंजेक्शन कशाचं? प्रोमेथाझिनचं! आपल्या ॲव्होमिनच्याच औषधाचं. औषध वाईट-चांगलं असं काही नसतं, कुणाला कशासाठी देता ते बघावं लागतं.

आमच्या ह्यांना बोटीपेक्षा बार लागणार आहे, त्यामुळं त्यांना सरळ सांगितलंय, गोळी तरी नाहीतर ग्लास तरी. दोन्ही मिळून गुंगी नुसती वाढत नाही, माणूस उठवून उठत नाही.

बिनगोळीचे उपाय पण बरेच चाळले. आलं चालतं म्हणतात, अभ्यासात कधी गुण दिसतो कधी नाही, पण आलेपाक चघळून नुकसान नाही, फार तर छातीत जळजळ. मामंजींना मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यामुळं आल्याच्या कॅप्सूल वगैरे नको, चहातलं आलं ठीक. मनगटावरचे पट्टे मिळतात, बटण दाबून ठेवणारे, त्याचा पुरावा फार नाही पण त्यानं लघवी अडकत नाही, म्हणून सासूबाई-मामंजींना घेतले. पोटावर पेपर ठेवायचा आमच्या आईचा उपाय, त्याच्यावर मी काही बोलत नाही, तिला बरं वाटायचं.

खरा उपाय बुकिंगच्या वेळी होता. जहाज दोन्ही टोकांना जास्त उचलतं आणि वरच्या मजल्यांना जास्त डोलतं, मध्यभागी खालच्या डेकला सगळ्यात कमी. एजंट बाल्कनीवाली वरची रूम गळ्यात मारत होता, व्ह्यू बघा मॅडम, व्ह्यू बघा. म्हणलं व्ह्यू डेकवर जाऊन बघू, तो फुकट आहे, आणि लागायला लागलं की क्षितिजावर नजर लावून मोकळ्या हवेत उभं राहायचं तर डेकवरच जावं लागतं. मग मधली, खालची, खिडकी असलेली रूम घेतली, पैसे पण वाचले. आणि तारीख मेवरून जानेवारीवर ढकलली, गड्डा यात्रा आटपली की निघायचं. अरबी समुद्र तेव्हा पावसाळ्याच्या मानानं शांत असतो, मोठ्या जहाजाला डोलणं कमी करायला खाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, आणि बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसात सवय करून घेतं. एवढं सगळं जमवल्यावर गोळीची गरज किती उरते? माझ्या अंदाजानं मला आणि पोराला, तीही पहिल्या रात्री.

मी माझी आदल्या रात्री झोपताना घेणार आहे, म्हणजे गुंगीचा पहिला भाग ट्रेनमध्येच निघून जाईल. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर पडते, पोटात राहिली तरी चढायला वेळ लागतो.

राहिला एक प्रश्न, येतानाचा. जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, येताना दीर म्हणतात मुंबईहून गाडी करू, मी चालवतो, चारशे किलोमीटर काय विशेष. त्यांना जहाजावर गोळी घ्यावी लागली तर दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग त्यांच्या हातात द्यायचं नाही असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही. ट्रेनची रिझर्वेशनं तेवढी करून ठेवलीत.