‘जैसे थे’ म्हणजे नेमके कसे?

बांधालगतच्या चार गुंठ्यांचा ताबा चुलत बंधूंना द्यावा, असा हुकूमनामा खालच्या कोर्टाने केला, तेव्हा आम्ही जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले आणि आता निकाल आपोआप थांबला, अशा समजुतीत निर्धास्त झालो. वकिलांनी तो भ्रम लगेच घालवला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ प्रमाणे नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. आम्ही ती मागितली, शिवाय बांधाला हात लावू नये म्हणून मनाईचाही अर्ज दिला. त्यावर ‘उभय पक्षांनी परिस्थिती जैसे थे ठेवावी’ असा आदेश झाला.

पंधरवड्यातच जेसीबीने बांध सपाट झाला.

मी तावातावाने अवमान याचिकेची भाषा करू लागलो. १९७१ च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात (जमिनीच्या भावापुढे हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च). पण मनाईच्या भंगासाठी त्याच कोर्टात आदेश ३९, नियम २-अ चा मार्ग आहे. त्यात मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास होऊ शकतो, म्हणून आधी तोच अर्ज करावा, असे वकिलांचे मत पडले.

‘आदेश माहीतच नव्हता’ हा बंधूंचा बचाव टिकण्यासारखा नाही, कारण त्या दिवशी त्यांचे वकील हजर असल्याची नोंद रोजनाम्यात आहे. अडचण दुसऱ्या बचावाची आहे: बांध पावसातच वाहून गेला होता, मग मोडला काय? ‘जैसे थे’ म्हणताना जागा कशी होती, हे आदेशात कुठेच लिहिलेले नाही आणि कोर्ट कमिशनर नेमून पाहणी करून घ्यावी, हे तेव्हा आम्हाला सुचले नाही. आमच्याकडे बैलपोळ्याचा फोटो आहे, त्यात सजवलेल्या बैलांमागे बांध आणि दोन बाभळी स्पष्ट दिसतात. पण आदेश दिवाळीनंतरचा, त्यामुळे मधल्या काळाचे काय, हा समोरच्या वकिलांचा प्रश्न बिनतोड होता.

उत्तर तलाठ्यांच्या पंचनाम्यात सापडले. जेसीबी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या त्या पंचनाम्यात ‘उपटून पडलेल्या बाभळींचा पाला हिरवा आहे’ असे एक वाक्य आहे. वकिलांनी त्याखाली लाल रेघ मारली आहे. अर्जाची पुढची तारीख सोमवारची आहे.