काता-वंशवृक्ष : 'सुपारिनपेई'मधला 'सु' अखेर सापडला

सापडला! मागच्या नोंदीत ज्या एका अक्षरापाशी सगळं अडलं होतं, त्या 'सु'चा पत्ता लागला. लगेच कळवल्याशिवाय राहवेना.

नव्यांसाठी एवढंच, की आकड्यांची नावं असलेल्या कातांचा, म्हणजे कराटेतल्या हालचालींच्या ठरलेल्या मालिकांचा, तक्ता चालू आहे. सेइसान 13, सेइपाई 18, सानसेरू 36, नीसेइशी 24, सुपारिनपेई 108. जपानीत दहाला 'जू' म्हणतात, आठाला 'हाची', शंभराला 'ह्याकू'. म्हणजे ही नावं टोकियोच्या जपानीतली नव्हेत. मँडरिन लावून पाहिली तर दहाचा उच्चार 'शर'च्या जवळ जातो. दक्षिण चीनच्या बोलींपैकी होक्किएनमध्ये 'चाप', कॅन्टोनीजमध्ये 'साप'. 'सेइ' कशातच बसत नाही.

आग्नेय चीनमधल्या फुझोउ शहराच्या बोलीत मात्र चपखल बसतो. तिथे दहाचा उच्चार 'सेइ'च आहे, फक्त शेवट घशात तोडायचा. आठ म्हणजे 'पाइ', तोही तसाच तोडलेला. शंभर 'पा', तीन 'सांग', सहा साधारण 'लोइ'. सेइ-सांग, सेइ-पाइ, सांग-सेइ-लोइ असं मोठ्याने म्हणून बघा. शेवटच्या 'लोइ'चा जपानी जिभेवर 'रू' होणं अगदी स्वाभाविक आहे. र्युक्यूच्या (ओकिनावाच्या जुन्या राज्याच्या) व्यापारी-दूतांचं अधिकृत वसतिगृह शतकानुशतकं फुझोउलाच होतं, ओकिनावातले कराटे-गुरू हिगाओन्ना कानर्यो शिकले तेही तिथेच. त्यामुळे कान आणि इतिहास दोन्ही एकाच शहराकडे बोट दाखवतात.

पण 108 हटून बसला होता. 'पा-रिन-पेई' सरळ आहे : शंभर, शून्य, आठ. त्याआधीचा 'सु' म्हणजे 'एक' असायला हवा. 'एक' हे चिनी अक्षर फुझोउ उच्चारात शोधलं की येतं 'एइ'सारखं काहीतरी. मँडरिनमध्ये 'यी', होक्किएनमध्ये 'चित', जपानीत 'इची'. 'सु' कुठेच नाही. काही दिवस तर मी 'सु' हा मागाहून चिकटलेला एखादा उपसर्ग असेल असं धरून चाललो होतो, पण मन मानत नव्हतं.

उत्तर अक्षरात नव्हतं, बोलण्यात होतं. फुझोउचे लोक रोजच्या मोजणीत 'एक'साठी ते अक्षर वापरतच नाहीत. त्यांचा 'एक' वेगळाच शब्द आहे. मिशनऱ्यांच्या जुन्या रोमन लेखनात तो 'सिओह' असा दिसतो, आजच्या बोलण्यात 'सुओ' ऐकू येतो. सुओ-पा-लिंग-पाइ. सुपारिनपेई! हे नाव कुणी पुस्तकातून वाचून घेतलेलं नाही, माणसाच्या तोंडून ऐकून घेतलेलं आहे. तक्त्यातल्या त्या चौकटीत 'पक्कं'चा हिरवा रंग भरताना जो आनंद झाला तो इथल्या मंडळींनाच कळेल.

साधनांबद्दल दोन शब्द. चिनी अक्षर टाकून उच्चार देणारी अॅप्स या कामात निरुपयोगी आहेत, कारण ती बोलीतला शब्द दाखवत नाहीत. फुझोउ बोलीत अंक मोजणाऱ्या माणसांच्या साध्या ध्वनिफिती ऐका आणि जोडीला मिशनऱ्यांचे जुने कोश ठेवा. आणि तक्ता देवनागरीतच करा, ही माझी कळकळीची शिफारस आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सेइसान, सेइशान, सेसान यांचा जो चिवडा होतो, तो आपल्या लिपीत होतच नाही. बाजारात मिळणारे कातांचे भिंतीवरचे तक्ते मात्र टाळा. 'शोरिन' या शैलीच्या नावाखाली ते तीन वेगळ्या अक्षरांच्या शाखा एकत्र कोंबतात. चिबाना चोशिन यांची 'लहान वन'वाली शाखा, नागामिने शोशिन यांची 'पाइन-वन'वाली आणि थेट शाओलिनची अक्षरं लावणारी क्यान चोतोकू यांच्या परंपरेतली, या तीन वेगळ्या ओळी आहेत.

नीसेइशी मी पिवळाच, म्हणजे शंकेचा, ठेवतोय. त्यातला 'सेइ' फुझोउचा आहे, पण 'नी' आणि 'शी' सरळ जपानी दोन आणि चार वाटतात. अर्धं नाव वाटेत बदललं असावं असं माझं मत आहे.

आता हे लिहिता लिहिताच एक मोठी गोष्ट समोर आली. 'सु'ची खातरजमा करायला 1867 च्या शुरीतल्या (र्युक्यूच्या राजधानीतल्या) कार्यक्रमाची यादी पुन्हा काढली. चीनचे राजदूत आदल्या वर्षी शो ताई राजाला मान्यता देऊन गेले, त्याच्या आनंदात कुमे गावच्या (चिनी वंशाच्या वस्तीतल्या) मंडळींनी केलेला तो कार्यक्रम. यादीत 'तेरा पावलं' आहे, सादर करणारे दुभाषे आरागाकी. आणि 'एकशेआठ पावलं'ही आहे, सादर करणारे तोमिमुरा. हिगाओन्ना यांचा जन्म 1853 चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम चौदा वर्षांचे होते. गोजू-र्यू या कराटे-शैलीच्या बहुतेक तक्त्यांत सुपारिनपेईचा बाण फुझोउहून थेट हिगाओन्नांकडे येतो. पण 'एकशेआठ' हे नाव त्यांच्या फुझोउवारीआधीच ओकिनावात पोचलेलं होतं! शिवाय आरागाकी हे त्यांचे आधीचे गुरू, आणि पेशाने चिनी भाषेचे दुभाषे. बोलीतला 'एक' कानाने टिपणारा माणूस तिथे हजर होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून आराखडा बदलतोय. आजवर एका नावाला एक ओळ होती. आता दोन स्वतंत्र तक्ते करणार : एक नावांचा, एक हालचालींचा. कारण सेइसान. गोजूचा सेइसान दुहेरी चुदान-उकेने (दोन्ही हातांच्या मधल्या उंचीवरच्या अडवणुकीने), सानचिन-दाची या पवित्र्यात तीन पावलं पुढे जाऊन सुरू होतो. शोतोकान शैलीचा हांगेत्सू हा मुळात सेइसानच, शोतोकानचे संस्थापक फुनाकोशींनी नाव बदललेला. तोही तीन पावलांनी सुरू होतो, पण पुढे वेगळ्याच वाटेने जातो. उएची-र्यू शैलीचे संस्थापक उएची कानबुन 1897 ला स्वतंत्रपणे फुझोउला गेले, त्यांचाही सेइसान आहे आणि तो तिसराच. या तिघांचं नाव एका घरचं आहे एवढंच नावांचा तक्ता सांगू शकतो.

पिनान किंवा हेइआन अशा दोन नावांनी चालणाऱ्या काता-मालिकेचं काम त्यामुळे मागे पडेल. तिथे अक्षरं तीच आहेत, फक्त वाचन जपानी झालंय आणि पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल झाली आहे. ते थांबू शकतं.

कुणी उएची-र्यूचा सराव करत असेल तर सेइसानच्या पहिल्या तीन पावलांचे हात नेमके काय करतात, ते समोरून आणि बाजूने चित्रित करून पाठवा. हालचालींच्या तक्त्याची पहिली ओळ तिथूनच सुरू करतोय.