मिरजेला उतरलेले दोन डाग

दिवाळीसाठी सांगलीतल्या आमच्या दुकानाची झाडलोट, मांडणी, आकाशकंदील हे सगळं नवरात्रातच उरकलं होतं, त्याबद्दल काही लिहीत नाही. डोक्यातून जात नाहीये ते ट्रान्सपोर्टचं गोडाऊन.

२०२५ला दसरा २ ऑक्टोबरला आणि वसुबारस १७ला. दिवाळी अंक विकायचे ते या पंधरवड्यात. लक्ष्मीपूजन झालं की गिऱ्हाईक अंक उघडायच्या आधी ‘सूट किती?’ विचारतं. त्यामुळे पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याकडून गुरुवारी, ९ तारखेला सात डाग, म्हणजे अंकांचे बांधलेले गठ्ठे, निघाल्याचा फोन आला तेव्हा मी निवांत झाले. एका रात्रीचा तर रस्ता.

शनिवारी सांगलीतल्या गोडाऊनला गेले तर पाचच. “बाकीचं दोन येतील की उद्याच्या गाडीला.” उद्या रविवार, गोडाऊन बंद.

सोमवारी क्लार्कमामा म्हणाले, मूळ बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, आणा, मोबाईलवरचा फोटो चालत नाही. पाच डाग त्याच फोटोवर सोडले होते! बिल्टी कुरिअरनं मागवली. मंगळवारी ती नाचवत गेले, तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, कुठाय? मी सांगितलं, पुस्तकांना न् मासिकांना जीएसटी नाही, करमुक्त मालाला ई-वे बिल लागत नाही. मालाच्या चलानावर करापुढचं शून्य बोट ठेवून दाखवलं. “असं कुठं असतंय ताई, मालाला बिल लागतंयच.” मागे फरसाणाचे डबे, कापडाचे गठ्ठे पटापट उतरत होते. आमचा माल वजनाला जड, भाड्याला हलका, म्हणून कायम तळाशी. १९०९ला ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर अंक वाचतोय, इथं मात्र आत विचारणा झाली ती “ते रद्दीचं डाग कुठं गेलं रे?” अशी.

मी आवाज चढवला. चढवायला नको होता. कारण नंतर कोणी बोलेचना.

बुधवारी एका हमालदादानंच हळूच सांगितलं, “ताई, असलंच दोन डाग परवा मिरजेत बघितलं मी.” रिक्षा करून मिरजेच्या गोडाऊनला. तेलाच्या डब्यांमागे माझेच डाग! आमचं दुकान सांगलीच्या विश्रामबागेत. पत्त्यात ‘सांगली-मिरज रोड’ लिहिलेलं आणि पॅकिंगची पट्टी नेमकी ‘सांगली’वरून गेलेली. उरलं ‘मिरज रोड’. उतरवणाऱ्याचं काय चुकलं? पण चार दिवस सांगलीत बसून कागद मागणाऱ्यांनी मिरजेला एक फोन केला असता तर?

तर, डागावर गावाचं नाव एकट्यानं, मोठ्या अक्षरात, मार्करनं, तिन्ही बाजूंना लिहून घ्या. रस्त्याचं नाव बिल्टीवर राहू दे. ‘७ पैकी १, ७ पैकी २’ असे आकडेही टाकायला सांगा. हमालाला चहा आधी पाजा, क्लार्कला नंतर. सगळे अंक एकाच गाडीत घालू नका, हे तर मला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं.

हां, आणि न विकलेल्या अंकांच्या परतीचं, ऑर्डर देतानाच, लिहून घ्या: किती अंक, कधीपर्यंत परत चालतील. भाऊबीजेनंतर विक्रेते फोन उचलत नाहीत. सुट्टे पैसे साठवून ठेवा. आगाऊ नोंदणीची वही ठेवतो आम्ही, नाव आणि दोनशे रुपये. त्या वर्षी या वहीनंच अब्रू राखली, कारण लोक चिडले तरी पैसे अडकलेले असल्यानं परत आले.

त्यातले एक काका रोज संध्याकाळी फिरायला निघाले की डोकावायचे. धनत्रयोदशीला त्यांचा संच हातात दिला. एक अंक नाकाशी नेऊन म्हणाले, “याला शेंगतेलाचा वास येतोय.” येत होताच. वीस रुपये कमी केले मी.