फेडलेले कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये चालूच राहते तेव्हा

दुचाकीसाठी एका बिगर-बँक वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज मी २०२५ च्या उन्हाळ्यात मुदतीआधी पूर्ण फेडले. संस्थेने ना हरकत प्रमाणपत्र दिले, ते आणि नमुना ३५ जोडल्यावर आरटीओने गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा उतरवला, आणि तो व्यवहार संपला असे धरून आम्ही पती-पत्नींनी सांगलीत एका सदनिकेचा विसार दिला. गृहकर्जाच्या अर्जाची छाननी सुरू झाली तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यांनी कळवले की माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जे आणि त्यांची परतफेड यांची नोंद असलेल्या अहवालात, ते कर्ज अजून चालू दिसते, त्यावर शिल्लक आहे आणि शेवटचे दोन हप्ते थकलेले आहेत. स्कोअरही त्यामुळे बराच घसरला होता. बँकेने अर्ज फेटाळला नाही, मात्र अहवाल दुरुस्त होईपर्यंत मंजुरी देता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. साठेखतासाठी ठरलेली मुदत विक्रेता वाढवून देण्याची शक्यता कमी होती.

पतमाहिती ठेवणारी संस्था एकच नसते. पतमाहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळालेल्या चार कंपन्या आज देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने या चौघींचे सभासद असावे आणि चौघींना माहिती पाठवावी असा २०१५ पासूनचा दंडक आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा स्कोअरसह संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो हक्क वापरून मी चारही अहवाल मागवले आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्यांपैकी कोणता अहवाल कोणत्या कंपनीचा हे मी येथे सांगत नाही, कारण मूळ दोष बहुतांशी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून गेलेल्या माहितीत होता.

एकाच कर्जाची चार ठिकाणी चार रूपे दिसली. बँकेने पाहिलेल्या अहवालात ते चालू आणि थकीत होते. दुसऱ्यात ते योग्य तारखेला बंद झालेले होते आणि शिल्लक शून्य होती. तिसऱ्यात ते बंद होते, पण शेवटच्या महिन्यासमोर हप्ता तीस दिवसांहून अधिक थकल्याचा आकडा होता. चौथ्यात ते कर्ज मुळी नव्हतेच, कारण तेथे माझ्या नावाच्या दोन वेगळ्या फायली तयार झाल्या होत्या: एक पॅनवरील माहेरच्या आडनावाची आणि दुसरी आधारवरील सासरच्या आडनावाची. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची आपल्याकडची पद्धत लक्षात घेतली, तर असे किती जणींच्या बाबतीत झाले असेल या विचाराने मी अस्वस्थ झाले. स्वतःच्या नावावर कर्ज वेळेवर फेडूनही त्या परतफेडीचे श्रेय त्यांना मिळत नसेल.

अहवाल वाचताना स्कोअरपेक्षा मला अधिक उपयोगी पडली ती प्रत्येक खात्याखाली छापलेली, माहिती शेवटची कळवल्याची तारीख. ती तारीख कर्ज फेडण्याच्या आधीची असेल तर अहवाल केवळ जुना आहे आणि काही दिवस थांबणे रास्त ठरते. ती नंतरची असेल आणि तरीही शिल्लक दिसत असेल, तर चुकीची माहिती नव्याने पाठवली गेली आहे आणि थांबून काहीही साधणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार तेव्हा कर्जसंस्थांनी दर महिन्याची १५ तारीख आणि अखेरचा दिवस अशी दोनदा माहिती द्यायची असे. पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत ती पाठवायची आणि पतमाहिती कंपनीने पाच दिवसांत ती नोंदवायची. म्हणजे पंधरवड्याच्या आरंभी कर्ज फेडले तरी सुमारे चार आठवड्यांत अहवालात ते बंद दिसायला हवे होते. माझ्या खात्याची तारीख परतफेडीच्या बरीच नंतरची होती, त्यामुळे थांबण्याचा प्रश्नच उरला नाही.

मी प्रथम वित्तसंस्थेच्या ग्राहक सेवेला फोन केला. “मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये लोन क्लोज दिसतंय, तुम्ही ब्युरोला सांगा,” असे उत्तर मिळाले. पतमाहिती कंपनीने, म्हणजे ब्युरोने, सांगितले की कर्जसंस्थेने दुजोरा दिल्याशिवाय तिला एकही आकडा बदलता येत नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी होती, आणि म्हणूनच तोंडी पाठपुरावा करत राहिले असते तर मी या दोघांमध्ये कित्येक महिने हेलपाटे घालत राहिले असते. याच सुमारास ओळखीतून एका मध्यस्थाचा निरोप आला की ठरावीक रक्कम दिल्यास तो ‘सिबिल साफ’ करून देईल. तक्रार नोंदवणे विनामूल्य असते आणि खातेदाराला नाही असा कोणताही अधिकार अशा व्यक्तीला नसतो, हे माहीत असल्यामुळे मी त्याला नकार दिला. ज्यांना हे माहीत नसते त्यांच्याकडून अडचणीच्या वेळी पैसे उकळले जातात याचा मला मनापासून राग येतो.

त्यानंतर मी ज्या तीन अहवालांत चूक होती त्या तिन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर स्वतंत्र तक्रारी नोंदवल्या. एका ठिकाणी झालेली दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. तक्रार करताना ‘अहवाल चुकीचा आहे’ असे मोघम लिहिण्याऐवजी शिल्लक रक्कम, थकबाकी, खाते बंद झाल्याची तारीख आणि थकीत दिवसांचा आकडा यांपैकी नेमका कोणता रकाना चुकीचा आहे आणि तेथे काय असायला हवे, हे एकेक करून लिहिले. अहवालावरचा नियंत्रण क्रमांक, तक्रारीचा क्रमांक आणि दिनांक एका वहीत टिपून ठेवले. त्याच दिवशी वित्तसंस्थेच्या तक्रार विभागालाही ईमेल पाठवला आणि त्यासोबत ना हरकत प्रमाणपत्र, कर्जखात्याचा उतारा आणि रक्कम वर्ग झाल्याचा यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) जोडला.

दिनांकाला इतके महत्त्व देण्यामागे रिझर्व्ह बँकेचे २६ ऑक्टोबर २०२३ चे परिपत्रक होते, जे सहा महिन्यांनंतर अमलात आले. त्यानुसार तक्रार ३० दिवसांत सोडवली गेली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. या ३० दिवसांपैकी दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी कर्जसंस्थेला २१ दिवस मिळतात. ते तिने चुकवले तर भरपाई तिच्यावर येते, आणि तिने वेळेत माहिती देऊनही पतमाहिती कंपनीने विलंब केला तर त्या कंपनीवर. दुरुस्तीची विनंती नाकारायची असल्यास कारण कळवण्याचे बंधनही त्याच सुमारास घालण्यात आले.

तिसऱ्या अहवालातील थकीत आकडा बऱ्यापैकी लवकर निघाला. पहिल्या अहवालाबाबत मात्र ‘संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे’ एवढ्या एका ओळीवर तक्रार बंद करण्यात आली. स्वतःच दिलेल्या ना हरकत प्रमाणपत्राच्या विरुद्ध एखादी संस्था असा दुजोरा कसा देऊ शकते, हे मला कळेना. मी तो नकार आणि प्रमाणपत्र एकत्र जोडून संस्थेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे तक्रारींची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, पत्र लिहिले, त्यात नकाराचे लेखी कारण मागितले, आणि मूळ तक्रारीला ३० दिवस पूर्ण होताच बँका आणि वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठीच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ अन्वये रिझर्व्ह बँकेकडे जाणार असल्याचे नमूद केले. पतमाहिती कंपन्याही २०२२ मध्ये त्या योजनेच्या कक्षेत आल्या होत्या. त्या योजनेच्या पोर्टलवरील तक्रारीचा मसुदाही मी तयार करून ठेवला होता.

नोडल अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आलेल्या फोनवर प्रथमच कोणीतरी खाते उघडून पाहिले असे जाणवले. मी एकरकमी भरलेली रक्कम तात्पुरत्या खात्यात जमा राहिली होती आणि ती कर्जखात्यात वळती झाली नव्हती. प्रमाणपत्र देणाऱ्या विभागाने पावती पाहून प्रमाणपत्र दिले, तर पतमाहिती पाठवणारी प्रणाली कर्जखाते पाहून दर पंधरवड्याला थकबाकी कळवत राहिली, आणि माझ्या तक्रारीवर दुजोरा देणाऱ्यांनीही तेच कर्जखाते पाहिले. सुटलेल्या हप्त्यांचे आकडे काढून टाकल्याखेरीज केवळ ‘बंद’ अशी नोंद मला मान्य नाही, हे मी त्याच संभाषणात सांगितले आणि नंतर ईमेलनेही कळवले. खाते बंद झाले तरी जुने थकीत महिने अहवालात तसेच राहतात आणि पुढची बँक तेच आधी पाहते, म्हणून हा आग्रह महत्त्वाचा होता.

दुरुस्ती झाली तेव्हा ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती. भरपाई तक्रार सुटल्यापासून पाच कामकाजी दिवसांत खात्यात जमा व्हायला हवी. मला ती लेखी आठवण दिल्यानंतर मिळाली. रक्कम मोठी नव्हती, परंतु आजच्या व्याजदरात स्कोअरनुसार फरक पडतो आणि गृहकर्ज वीस वर्षांचे असते, हे पाहता दिवसाला १०० रुपये ही भरपाई फार तोकडी आहे असे माझे मत आहे. बँकेने नवा अहवाल मागवला, स्कोअर आधीच्या पातळीवर आलेला होता, आणि मूळ ठरलेल्या दरानेच मंजुरी मिळाली. विक्रेत्या काकांनी साठेखताची मुदत थोडी वाढवून दिली नसती, तर एवढे करूनही विसार गेला असता.

चौथ्या कंपनीकडील दोन फायली एकत्र करण्याचे काम अजून बाकी आहे. पॅन आणि आधार यांवरील नावे जुळल्याशिवाय ते होणार नाही असे कळवण्यात आल्यामुळे मी विवाह प्रमाणपत्र जोडून पॅनवरील नाव बदलून घेतले. नव्या पॅनची प्रत लावून केलेली विनंती आता त्यांच्याकडे आहे आणि तिची ३० दिवसांची मुदत चालू आहे.