किनाऱ्याचं सामायिक पुस्तक: कुलाब्याचं कोडं सुटलं, चकतीने मात्र दगा दिला

कुलाब्याचं कोडं सुटलं! रेवस ते रेडी या कोकण किनाऱ्याचं प्रवास-पुस्तक आपण सगळ्यांनी पाठवलेल्या नोंदींतून काढतोय. मागचं टिपण वाचलेल्यांना आठवत असेल, रेवसपासून सुरुवात करून पुस्तक अलिबागच्या पानावरच रुतलं होतं. खालची दापोली, गुहागर, मालवण ही प्रकरणं तयार आणि अलिबाग मात्र अडलेलं. आता ते हललंय, आणि हलताना बाकीच्या अर्ध्या पुस्तकाची मांडणीही बदलून गेलं.

अडचण काय होती ते नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. अलिबागसमोरच्या पाण्यातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे सगळ्यांना माहीत. कधी जायचं, यावर आपल्या मंडळींनी पाठवलेल्या सूचना मात्र एकमेकींच्या उरावर बसलेल्या. एका ताईंनी लिहिलं होतं, "सकाळी साडेआठला निघा, चपला हातात घ्या, पाणी पोटरीपर्यंत, लहान मुलंही सहज जातात." दुसऱ्या एका दादांचं, "साडेआठला चुकूनही जाऊ नका, पाणी छातीच्या वर, घोडागाडीवालासुद्धा नाही म्हणाला." महिना एकच, ठिकाण एकच, वेळही एकच. अशा जोड्या आणखीही होत्या, पण ही सगळ्यांत नमुनेदार.

दोघांपैकी कोणाला तरी खोटं ठरवायचं, हे मला पटत नव्हतं. दोघेही जुने भिडू, दोघांच्या बाकीच्या सूचना चोख. मधला मार्ग म्हणून "स्थानिकांना विचारून जा" असं लिहिता आलं असतं. पण मग पुस्तक कशाला काढायचं? स्थानिकांना विचारा हे तर कुणीही सांगेल. तारखा मिळाल्या तर भरतीच्या तक्त्याशी ताडून बघता येईल म्हणून सगळ्यांना फोटो मागितले. आले, ढिगाने आले, आणि सगळे व्हॉट्सअॅपवरून. व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवताना त्याच्या पोटातली तारीख-वेळ काढून टाकतं, आणि फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची असेलच असं नाही. मग "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" ही विनवणी. निम्म्या लोकांचे मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेलेले. यापुढे फॉर्ममध्ये तारखेचा रकाना सक्तीचा केलाय. कुरकुर झाली तरी तो राहणार.

उलगडा झाला तो खाण्याच्या यादीत. त्याच छातीभर पाण्यावाल्या दादांनी अलिबागच्या खाण्याबद्दल वेगळी नोंद टाकली होती: "किल्ला हुकला, पण साबुदाण्याची खिचडी झकास मिळाली, एकादशी असल्याने दुसरं काही खायचं नव्हतं." एकादशी! तारीख विसरलेला माणूस उपास विसरत नाही. ताबडतोब ताईंना फोन लावला. "ताई, तुम्ही गेलात तेव्हा वार कोणता, काही आठवतंय?" त्या म्हणाल्या, "वार नाही रे आठवत, पण संकष्टी होती. किल्ल्यातल्या गणपतीला म्हणून तर गेलो होतो."

तिथे डोक्यात दिवा पेटला. किनाऱ्यावरच्या घरांत पाठ असलेला हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी, म्हणजे नऊच्या सुमाराला समुद्र सगळ्यात मागे. साडेआठला पोटरीभर पाणी अगदी बरोबर. एकादशी अकरा, पाऊणपट सव्वाआठ. साडेआठला ऐन भरती! दोघांनीही खरं तेच लिहिलं होतं. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण भरतीला चंद्र सूर्याच्या रेषेत आला याच्याशी मतलब, तो भरलेला आहे की रिता याच्याशी नाही.

आणि एक गंमत. सकाळी नऊची वेळ सांगणाऱ्या नोंदी इतक्या जास्त का, हेही यातच आलं. चतुर्थीला गणपतीला जाणारे लोक जास्त, आणि चतुर्थीला सकाळी वाट मोकळी. मग "कुलाबा सकाळी नऊला" हे तोंडोतोंडी पसरलं आणि बाकीच्या तिथींना गेलेले बिचारे किनाऱ्यावर उभे राहिले.

पाऊणकीचा हिशेब ताणून बघितला तर पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात, यायला हवेत बारा. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पण पंधरा तिथींत बारा तास बसवायचे, म्हणून पाऊणपटीऐवजी तिथीमागे ४८ मिनिटं धरली की पंधरवड्याचा ताळा बसतो. पण हे सरकणंही रोज सारखं नसतं. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) कमी, भांगेत (अष्टमीच्या आसपास) जास्त. शिवाय दिनदर्शिकेत छापतात ती सूर्योदयाची तिथी, आणि मध्येच एखादी तिथी गळते (क्षय) किंवा दोन दिवस येते (वृद्धी). एवढ्या कारणांनी मिनिटाचा आव आणायचा नाही असं ठरवलं. पुस्तकात वेळ येणार ती दोन तासांच्या खिडकीने. मिनिटं हवी असतील त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते आहेतच.

मग वाटलं, झालं, प्रत्येक तिथीची खिडकी काढून टाकू. अष्टमीचं गणित सोपं आहे: सहाला भरती, बाराच्या पुढे ओहोटी. भर दुपारी निवांत किल्ला, उन्हाचा त्रास सोडला तर उत्तम. लिहिण्याआधी अलिबागच्या एका कोळी काकांना विचारलं, हे काका आपल्याला सुरुवातीपासून माहिती पुरवतायत.

"काका, अष्टमीला दुपारी वाट सुटेल ना?"

"कशाला सुटंल? भांग हाय ना तवा. भांगेत पाणी ना धड चढत, ना धड उतरत."

अष्टमी, नवमी, दशमी या दिवसांत ओहोटीची वेळ बरोबर निघते, पण पाणी पुरेसं मागे जातच नाही. चंद्र आणि सूर्य काटकोनात, एकमेकांची ओढ खातात. त्याउलट अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत उधाण, तेव्हा ओहोटीही खोल. म्हणजे नुसती वेळ देऊन भागत नाही, दर तिथीला "वाट सुटते, भिजून सुटते, सुटत नाही" असा दुसरा शेराही हवा. काकांनी फोन ठेवता ठेवता आणखी एक घातली, "आनि येताना घड्याळ बघ म्हनावं, जाताना सगळेच बघतात." हे वाक्य चौकटीत जसंच्या तसं जाणार.

आता तिथीचा रकाना सगळ्या पुस्तकाला लावतोय, आणि मजा येतेय. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरची, ओहोटीला उघडी पडणारी शिवलिंगं दिसली आणि दिसली नाहीत, अशा दोन्ही नोंदी होत्या. त्या तिथीवर लावल्या की बहुतेक जागच्या जागी बसतात. हेदवीच्या बामणघळीचं नेमकं उलट. तिथे ओहोटीला गेलात तर नुसती कातळातली भेग बघून परत याल. भरतीला लाट आत घुसते आणि फवारा वर उडतो. "बामणघळ ओव्हररेटेड" लिहिणाऱ्या मित्राला कोणत्या वेळी गेला होतास विचारलं. हिशेब केला, ऐन सुकती, म्हणजे ओहोटी! त्याची नोंद काढत नाही, फक्त तिच्यापुढे तिथी लिहितोय.

दक्षिणेकडच्या नोंदी मात्र एकाच दिशेने चुकत होत्या, मालवणच्या तर ठरलेल्याच. हिशेबापेक्षा भरती नेहमी लवकर. हे नोंदींचं चुकणं नव्हे, आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, मालवणला आधी आणि मुंबईला नंतर. पाऊणकी बसते ती मुंबई-अलिबागच्या बाजूला. शिवाय मुंबईकडे पाणी जेवढं चढतं-उतरतं त्याच्या निम्म्याच्या आसपासच मालवण-वेंगुर्ल्याकडे. खाड्यांचं आणखी तिसरंच, दाभोळच्या तोंडाशी भरती लागते तेव्हा आत गोवळकोटला अजून यायची असते. तेव्हा पुस्तकाला तीन पट्टे: रेवस ते बाणकोट, बाणकोट ते विजयदुर्ग, विजयदुर्ग ते रेडी. खाडीतल्या ठिकाणांना वेळच द्यायची नाही, असं सध्या मत आहे.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेबद्दल वाद घालू नका, ठरवून टाकलंय. तिथे खिडकी छापणार नाही. वाट ओहोटीलाच, खडक शेवाळलेले, आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. देवळाजवळ विचारा, नाही म्हणाले तर परत फिरा, एवढंच ठळक अक्षरात. एखाद्याने पुस्तकातली वेळ बघून खाली उतरावं आणि आपली पंचमी त्या दिवशी क्षय निघावी, हे नको.

आता चकती. शेवटच्या कव्हरच्या आत पुठ्ठ्याची फिरती चकती बसवायची, वर तिथी, खाली खिडकीतून भरती-ओहोटी, ही कल्पना मला फार आवडली होती. नमुना घरी केला, पितळी पिनेने दोन चकत्या जोडल्या, झकास फिरली. मग एका छपाईवाल्याकडून ३०० जीएसएमच्या जाड कार्डावर मॅट लॅमिनेशन करून नमुना मागवला. आला तेव्हा सुंदर. चिपळूणच्या पावसाळी हवेत गॅलरीत ठेवला, लॅमिनेशन कडेने सुटलं, कार्ड वाकलं, आणि वरची चकती खालच्या चकतीत अडकून बसली. छपाईवाला म्हणतो, "साहेब, पुस्तक बाहेर ठेवूच नका ना." कोकणाचं प्रवास-पुस्तक घरात ठेवायचं! पिनांचा खर्च आणि त्या हाताने बसवण्याची मजुरी वेगळीच.

बांधणीबद्दलही माझं मत यातून पक्कं झालं. डिंकाची परफेक्ट बाइंडिंग गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पानं सोडते. आर्ट पेपर दमट हवेत एकमेकांना चिकटतो. साधा मॅपलिथो कागद आणि जुजबंदीची (पानांचे जुडगे दोऱ्याने शिवायची) शिलाई, दिसायला गरीब पण खारं वारं सोसणारी. महाग पडेल, पडू दे.

हे लिहिता लिहिताच सुचलं: चकती हवीच कशाला? प्रत्येक ठिकाणाच्या पानाच्या तळाशी पंधरा चौकोनांची आडवी पट्टी. प्रतिपदेपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत. वाट सुटते तो चौकोन काळा, भिजून सुटते तो रेघांचा, नाही सुटत तो कोरा, आणि काळ्या चौकोनात पांढऱ्या अक्षरात दोन तासांची खिडकी. कुलाब्याच्या पट्टीत दोन्ही टोकं काळी आणि मधला भाग कोरा दिसेल. बामणघळीच्या पट्टीत भरतीच्या खिडक्या. पानं उलटताना नुसत्या पट्ट्या बघूनही कळेल, या पंधरवड्यात कुठे जाण्यात राम आहे. एका रंगात छापता येतं, पिना नकोत, वाकायला काही नाही. आज रात्री कुलाब्याची पट्टी काढूनच झोपणार.

पट्टी स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येच काढतोय. १.४ मध्ये जोडाक्षरांचे तुकडे पडायचे, म्हणून कित्येकांनी त्याचा नाद सोडला. १.६ मध्ये देवनागरी नीट बसते, परत बघा. नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचे, श्रेयओळ प्रत्येक नकाशाखाली राहील. छपाईवाला "ती ओळ काढली तर स्वच्छ दिसेल" म्हणाला, ती काढायची नाही.

फेरीबोटींची पानं शिवायचीच नाहीत, कप्प्यात सुटी. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ, सगळी. रेवस-रेडी रस्त्यावर खाड्यांवर पूल होत जातील तशी ती पानं एकेक करून फेकायची आहेत. वेळासच्या कासवांचं पान मात्र आत. सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं तेव्हापासूनचा थोडा इतिहास घेतलाय. "गेलो पण पिल्लू दिसलं नाही" या तक्रारी वगळल्यात. घरट्यातून कधी बाहेर यायचं ते पिल्लं ठरवतात, त्याला पट्टी नाही.

आता हवंय ते असं. कुणकेश्वर आणि मालवणकडच्या भांगेच्या दिवसांतल्या नोंदी फार थोड्या आहेत, सप्तमी ते दशमी. सगळे पौर्णिमा साधून जातात, म्हणून मधला भाग रिकामा. त्या दिवसांत गेलेलं कुणी असेल तर पाणी कुठवर होतं, एवढं एका ओळीत पाठवा. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी काय खाल्लं ते लिहा, बाकी मी बघतो.