उंबरातले पंख

रविवार, रात्री उशिरा

संध्याकाळी फिरून येताना झाडाखाली पडलेलं एक उंबर उचलून आणलं. पुरतं पिकलेलं नव्हतं, वाऱ्यानं गळालं असणार. टेबलावर दिव्याखाली धरून नखानं मधोमध फोडलं आणि आतून किडे बाहेर यायला लागले. एकेक जेमतेम दोन मिलिमीटरचा. बरेचसे काळपट, पंखवाले. त्यांच्यात चार-पाच पिवळट, बिनपंखांचे. पंखवाले भराभर कडेला सरकले. पिवळट मात्र उजेडात आल्यावर जागच्या जागी वळवळत राहिले. भिंग घेऊन मी तासभर नुसती बघत बसले.

उंबर हे फळ नव्हेच खरं तर, तो आत वळलेला फुलोरा आहे. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून दाटीवाटीनं उभी असतात. म्हणजे या किड्यांच्या जगाची भिंतच फुलांची. बिनपंखांचे ते नर. नर त्या पोकळीत जन्मतो, तिथेच मादीला गाठतो, तिला बाहेर पडता यावं म्हणून भिंत कुरतडून बोगदा काढतो आणि स्वतः बहुधा तिथेच मरतो. डोळे त्याला नावापुरतेच. त्याचं अख्खं जग तीन-चार सेंटिमीटरचं. कोत्या नजरेच्या माणसाला उंबरातल्या किड्याची उपमा आपण सहज देऊन टाकतो. आज भिंगातून त्याच्याकडे बघताना ती उपमा देववेना. मी तरी वेगळी कुठे आहे?

हा प्रश्न नववीपासून माझ्या मागे आहे. सरांनी फळ्यावर अणू काढला होता, मधे केंद्रक आणि भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. मी उठून विचारलं, "सर, मग आपली सूर्यमाला पण कुणाचा तरी अणू असेल का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "गणित करून बघ. सूर्य केवढा, शेवटचा ग्रह किती लांब, ते काढ. मग तेच अणूचं काढ."

सोमवार

ते गणित आज पुन्हा मांडलं, जुन्या ओढीनं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. नेपच्यून त्याच्यापासून साधारण ४५० कोटी किलोमीटरवर. म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या सव्वातीन हजार पट लांब. अणू मात्र आपल्या केंद्रकाच्या दहा हजार ते लाखपट मोठा. अणू सूर्यमालेपेक्षाही रिकामा आहे! तेव्हा हे उत्तर घेऊन मी धावत सरांकडे गेले होते. आकडे जुळत नसले म्हणून काय झालं, एखादी ऐसपैस सूर्यमाला असेलही तशी, असं माझं म्हणणं होतं.

खरी अडचण पुढे कॉलेजात कळली. रदरफर्ड या शास्त्रज्ञानं १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली तेव्हाच ती उघडी पडली होती. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा गोल फिरत असता तर सतत ऊर्जा टाकत टाकत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकावर जाऊन पडला असता. तसं होत नाही, कारण तो ग्रहासारखा फिरतच नाही. आणि मला कायमचं गप्प करणारी गोष्ट आणखी साधी होती. साध्या हायड्रोजनचे कुठलेही दोन अणू घ्या, त्यांच्यात तसूभर फरक नसतो. दोन सूर्यमाला मात्र एकसारख्या सापडत नाहीत. ग्रह इथे असतो तसा थोडा तिथेही असू शकतो, त्याच्यावर डोंगर असतात, खड्डे असतात. इलेक्ट्रॉनवर काहीच नसतं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं, जवळचं कुणी गेल्यासारखं.

आकार बदलला की नियमांचं वजन बदलतं, हे गॅलिलिओनं १६३८ मध्येच हाडांचं उदाहरण घेऊन सांगून ठेवलं होतं. प्राणी दुप्पट उंच केला तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चारपटच वाढतं. तेच हाड नुसतं मोठं करून चालत नाही, ते जाडही व्हावं लागतं. काल रात्री हे टेबलावरच दिसलं. पाण्याच्या ग्लासाशेजारी एक थेंब सांडला होता. एक पंखवाली मादी त्याच्या कडेला टेकली आणि अडकली. मी तो थेंब बोटानं सहज पुसून टाकते, तिला मात्र तो डिंकासारखा झाला. पाणी तेच आणि टेबलही तेच, पण तिच्या मापाला पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, राजा आहे आणि माझ्या मापाला गुरुत्वाकर्षण. कागदाच्या टोकानं तिला सोडवली.

म्हणून 'पिंडी ते ब्रह्मांडी' हे वचन मला कितीही प्रिय असलं, तरी मोजमापाच्या वेळी मी ते बाजूला ठेवते. डबीत डबी, त्या डबीत तशीच आणखी एक डबी, असा निसर्ग नाही. वरच्या दिशेनंही तेच. ताऱ्यांच्या दीर्घिका होतात, दीर्घिकांचे समूह, समूहांचे महासमूह. आपण ज्यात आहोत तो लानियाकेआ सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला आहे, २०१४ मध्ये त्याची हद्द आखली गेली. २०१७ मध्ये भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी 'सरस्वती' शोधला, तो साधारण ६० कोटींचा. आता वाटतं की पुढची पायरीही असेल, महासमूहांचा महा-महासमूह. ती मिळत नाही. अब्जभर प्रकाशवर्षांची एक पेटी कल्पून ती कुठेही ठेवली तरी तिच्यात जवळपास तेवढ्याच दीर्घिका भरतात. जिना तिथे संपतो.

बुधवार

भाचीनं फोनवर एक चित्र पाठवलं. डावीकडे मेंदूतल्या पेशींचं जाळं, उजवीकडे दीर्घिकांचं. खाली तिचा प्रश्न, "मावशी, आपण कुणाच्या तरी मेंदूत आहोत का गं?"

चित्र खोटं नाही. २०२० मध्ये एका खगोलशास्त्रज्ञानं आणि एका मेंदूच्या शल्यचिकित्सकानं मिळून ही दोन जाळी मोजून पाहिली आणि त्यांच्या विणीत खरंच साम्य आढळलं. पण ते साम्य विणीपुरतंच. मी तिला लिहिलं, "अगं, निरोप पोचायला किती वेळ लागतो ते बघ." आपल्या शेजारची मोठी दीर्घिका म्हणजे देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षांवर. आपण हाक मारली आणि तिनं लगेच ओ दिली तरी ५० लाख वर्षं गेली. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. म्हणजे विश्वाच्या जन्मापासून आजवर या दोन शेजारणींमध्ये जेमतेम पावणेतीन हजार वेळा जा-ये होऊ शकली असती. आपल्या डोक्यातली एखादी पेशी एवढे संकेत काही मिनिटांत पाठवून मोकळी होते. बरं, ही झाली शेजाऱ्यांची गोष्ट. आज १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही, कारण मधली जागाच वाढत चालली आहे. ज्या मेंदूत एक विचारही पुरा होऊ शकत नाही, त्याला मेंदू कसं म्हणायचं?

तिचं उत्तर आलं, "मग कृष्णविवरात?" पोरगी वाचते, याचा मला फार आनंद आहे.

हा प्रश्न मेंदूपेक्षा कितीतरी तोलाचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ राजकुमार पाथ्रिया यांनी १९७२ मध्ये नेचर नियतकालिकात तो गांभीर्यानं मांडला होता. कृष्णविवर म्हटलं की ठासून भरलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण ते जितकं मोठं तितकी त्याची सरासरी घनता कमी. तेरा-चौदा कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर घेतलं तर ती पाण्याइतकी उतरते. आणखी मोठं करत गेलं तर हवेपेक्षाही विरळ. आणि आपल्या विश्वातल्या वस्तुमानाचं जेवढं कृष्णविवर होईल, तेवढंच साधारण हे विश्व आहे! पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर कळलं की अवकाश सपाट असेल, म्हणजे त्याला वाक नसेल, तर हे दोन आकडे गणितानंच जुळतात, त्यासाठी आपण कृष्णविवरात असायची गरज नाही. शिवाय कृष्णविवरात पडणाऱ्याचा शेवटचा बिंदू त्याच्या पुढ्यात असतो, भविष्यात. आपला तसा बिंदू मागे आहे, महास्फोटाच्या बाजूला. तरीही ही कल्पना मी टाकून दिलेली नाही. तिच्यावर काम करणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचं मी लक्ष देऊन वाचते.

शुक्रवार, पहाटे

झोप लागेना म्हणून उठले. रविवारपासून डोक्यात घोळतंय ते एकदा लिहून टाकते.

उंबरातल्या नराला आतल्या आत राहून बाहेरचा पत्ता कसा लागेल? भिंतीपलीकडे बघायची सोय नाही. पण आत एक वस्तू आहे, जिचं आत काहीच काम नाही. काही आठवड्यांपूर्वी एक मादी बाहेरून आली होती. फळाच्या टोकाला खवल्यांनी गच्च मिटलेलं एक दार असतं, त्यातून ती घुसली. घुसताना पंख बहुतेक वेळा तुटतात आणि तिथेच अडकून राहतात. आत येऊन तिनं परागकण टाकले, अंडी घातली आणि मेली. एखाद्या नराला विचार करता आला आणि त्याला तो तुटका पंख सापडला, तर तो एवढंच विचारेल: हे उडायचं साधन इथे कशाला? तीन सेंटिमीटरच्या पोकळीत उडणार कोण?

१९२३ साली असाच एक पंख सापडला होता. तोवर आकाशगंगा हेच सगळं विश्व, असं मानणारे मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ होते. १९२० मध्ये वॉशिंग्टनला त्यावर जाहीर वाद झाला आणि निकाल लागला नाही. मग ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ हबलनं देवयानीचं एक छायाचित्र घेतलं. काचेची पट्टी ती. तीवर एका ठिपक्याशेजारी त्यानं नवतारा (नोव्हा, एकाएकी उजळणारा तारा) म्हणून 'एन' अक्षर लिहिलं होतं. जुन्या पट्ट्या ताडून पाहिल्यावर कळलं की हा तारा ठरावीक लयीत कमी-जास्त होतो, सुमारे ३१ दिवसांत एक फेरा. अशा ताऱ्यांच्या लयीवरून त्यांची खरी तेजस्विता काढता येते, हे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविटनं आधीच दाखवून ठेवलं होतं. तेजस्वितेवरून अंतर निघालं, आणि ते आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर गेलं. हबलनं 'एन' खोडून लाल शाईत 'व्हीएआर' लिहिलं, म्हणजे बदलता तारा, आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं. एका ठिपक्याच्या लुकलुकण्यानं सगळं विश्व एका मोठ्या विश्वाचा कण होऊन बसलं.

आज आपल्याकडे असा पंख आहे का? माझ्या मते एक आहे. लहानपणी टीव्हीवर कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या दिसायच्या, त्यातला थोडासा हिस्सा महास्फोटानंतरच्या प्रकाशाचा असायचा. हे प्रारण आकाशात सगळीकडून येतं आणि त्याचं तापमान सगळीकडे २.७२५ केल्विन. फरक आहे तो लाखात एक भाग एवढाच. पूर्वेकडून येणारा प्रकाश आत्ता कुठे आपल्यापर्यंत पोचतोय, पश्चिमेकडूनही आत्ताच. मग त्या दोन टोकांची एकमेकांशी गाठ कधी पडली? कुणी कुणाला न भेटता दोघांचं तापमान इतकं नेमकं जुळावं, हे आतल्या हिशेबात बसत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन गूथ यांनी १९८१ मध्ये सुचवलं की अगदी सुरुवातीला अवकाश क्षणार्धात अफाट ताणलं गेलं. आधी एकत्र असलेला, एकजीव झालेला एक इवलासा तुकडा फुगून त्याच्यात आपलं सगळं दृश्य विश्व मावलं. हे खरं असेल तर आपल्याला दिसतं ते त्या तुकड्याचाही छोटासा भाग आहे. दृश्य विश्वाची त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षं, पण ती काही भिंत नाही. समुद्रावरच्या क्षितिजासारखी ती आहे, पलीकडे पाणी आहेच. एवढ्यापुरतं नववीतल्या मला आज ठामपणे सांगता येईल, हो, आपण मोठ्या कशाचा तरी भाग आहोत.

त्याच्या पुढचं मात्र सांगता येत नाही. हे फुगणं काही ठिकाणी थांबत असेल आणि इतरत्र चालूच राहत असेल, तर आपल्यासारखे असंख्य बुडबुडे होत राहतील. अनंत कोटी ब्रह्मांडं म्हणायची आपली जुनी सवय इथे जिभेवर येतेच. पण त्यातला एखादा बुडबुडा आपल्याला कधी घासून गेला असेल तर त्या प्रारणावर गोल व्रण उमटायला हवा. २०११ मध्ये तो पद्धतशीर शोधला गेला. खात्रीनं म्हणावं असं काही सापडलं नाही. मला याचं वाईट वाटत नाही. कुणीतरी दारापाशी जाऊन खवले उलटून पाहिले, याचंच मला अप्रूप आहे.

शुक्रवार, संध्याकाळ

आज आणखी एक उंबर आणलं. या वेळी मधोमध फोडलं नाही. टोकाकडचं दार तेवढं कापलं आणि सुईनं खवला खवला सुटा केला. पहिल्या थरात काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या थरात, दोन खवल्यांच्या बेचक्यात, काहीतरी चमकलं. पाण्याच्या पापुद्र्यासारखं पारदर्शक, बुडाशी फाटलेलं. भिंगाखाली धरलं तर कडेची बारीक लव दिसली.

तो पंख या पानावर चिकटवला आहे. शेजारी तारीख घातली, आणि एक उद्गारचिन्ह.