एकच पुस्तक सांगा, म्हणालात म्हणून

"एवढं वाचता, मग एकच सांगा. कुठलं वाचू?" ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी मी आ वासून पडलेली असताना विचारलं. बोलता येत नव्हतं तेच बरं, कारण माझं उत्तर 'रुचिरा' आहे.

हसू नका. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं. मापं वाटी-चमच्याची. तोवर आईचा सगळा स्वयंपाक 'अंदाजाने' चालायचा, आणि अंदाज म्हणजे आजीचा अंदाज. तो चुकला की बोलणी आईला. या पुस्तकाने तिच्या हाती वाटी दिली. वाचणारीच्या ओट्यावर काय असतं ते बाईंनी आधी पाहिलं, मग लिहायला बसल्या. तेव्हापासून पुस्तक कुठलंही असो, मी त्यात ती वाटी शोधते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त ती पहिल्याच पानांत सापडते. वडिलांचं सोवळं असं, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मीठसुद्धा! धुतलेल्या मिठातलं हाती किती उरत असेल हो? पण बाई तक्रार करत नाहीत, शेरा मारत नाहीत. मीठ धुतलं, एवढंच सांगतात आणि पुढे जातात. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई १९३४ मध्ये पहिला भाग छापते, आणि तिच्या एका वाक्यात जे मावतं ते भल्याभल्यांना प्रकरणभर लिहून साधत नाही. सलग वाचायला बसले तर रात्री जेवण करपतं, हा अनुभव आहे.

'मृत्युंजय' पंधराव्या वर्षी वाचलं. वहीत वाक्यं उतरवली, कर्णासाठी उशी भिजवली. चाळिशीत पुन्हा उघडलं तर अडखळले. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण आपापली बाजू सांगतात, पण डोळे मिटून ऐकलं तर सहाही आवाज एकाच घशातले वाटतात. उपमांना तर पाकात बुडवून काढलंय. हे बोलले की माझा धाकटा भाऊ दोन दिवस फोन घेत नाही. पंधराव्या वर्षी मात्र वाचावंच. तेव्हा गोड खाल्लेलं पचतं.

रहस्यकथांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या जिवावर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं जोडाक्षरं वाचायला शिकली. वाचनालयातल्या एका प्रतीवर कुण्या पुण्यवंताने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी तरीही शेवटपर्यंत वाचली. नाव खोटं निघालं. असा वाचक मला भेटायला हवा होता.

नारळीकरांची गंमत वेगळी. विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं. त्यांची माणसं मला जरा कोरडी वाटतात, सगळेच कसे समंजस! पण काळाचा हिशेब असा चोख, की बारावीत भौतिकशास्त्राने न दिलेला आनंद मिळतो.

कवितेबद्दल विचारू नका. ती मी चोरून वाचते आणि मतं कुणाला सांगत नाही.

आणि 'बलुतं'. दया पवारांचं १९७८ मधलं आत्मकथन. बलुतं म्हणजे कामाच्या बदल्यात गावाने द्यायचं धान्य, म्हणजे पुन्हा मापच. फक्त ते देणाऱ्याच्या हातात. माझ्या आजोळी शेती होती. खळ्यावरच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या, त्यात रास किती झाली हे असायचं, कुणाच्या पदरात किती पडलं हे कधीच नसायचं. हे पुस्तक वाचल्यावर मामाला विचारलं. तो बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिला, मग म्हणाला, "मोजत नव्हतो गं. मूठ भरून टाकायचो." कुणाची मूठ, हे मी विचारलं नाही. तेव्हा धीर झाला नाही, आणि आता मामा नाही.

तर डॉक्टर, पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा विचाराल आणि मी तोंडातला कापूस काढून 'रुचिरा'च सांगेन. माझी प्रत मात्र मागू नका. ती आईची आहे. चकलीचं पान तेल पिऊन इतकं पातळ झालंय की मागचा मजकूर पुढून दिसतो, आणि समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय, "आपली वाटी मोठी. मीठ बेताने."